ओपीडीबाहेरचं तळं

सहा फूट काच, पाचशे लिटर पाणी,
आणि तेही उदगिरात,
जिथं नळ आठव्या दिवशी येतो, खाकरत.
डॉक्टर बिराजदारांनी हैदराबादहून आणलं,
टेंपोत, गाद्यांमध्ये गुंडाळून,
आणि किल्ल्या सोपवाव्यात तशी रबरी नळी
माझ्या हातात दिली.
मी डोळ्यांत थेंब टाकणारा माणूस.
मला काय ठाऊक,
पाण्यातसुद्धा झाड उपाशी मरतं.

पहिला महिना दिवा रात्रंदिवस.
पेशंटला बरं वाटतं, म्हणायचे.
काचेवर हिरवी साय धरली,
पानांच्या कडांना काळी दाढी आली.
डोळ्यांचे डॉक्टर, आणि त्यांनाच सांगावं लागलं
की उजेडही बाधतो.
आता आठ तास. मध्येच लाईट गेली
तर मी भरपाई करत नाही.

मग तलवारपानाला नवं पान आलं ते पिवळं,
शिरा तेवढ्या हिरव्या.
मोठ्या सिस्टर लांबूनच म्हणाल्या, लोह कमी.
काळ्या मातीत लोहाची चिमूट मळली,
सुपारीएवढ्या गोळ्या गच्चीत वाळवल्या,
ऑपरेशनमधून बाद झालेल्या चिमट्यानं
एकेक मुळाशी खोचल्या.
दोन कावळ्यानं नेल्या.

शुक्रवारी चौथा हिस्सा पाणी बदलायचं.
सव्वाशे लिटर. हा आकडा मी
घरीसुद्धा सांगितला नव्हता.
नवं पाणी दोन दिवस ड्रमात उघडं ठेवायचं,
औषधाचा वास उडेस्तोवर.
निव्वळ बोअरचं चालत नाही,
किटलीत बसतो तसा पांढरा थर बसतो.
जुनं पाणी मी गुपचूप मागच्या गटारीत सोडायचो.
एकदा भिंतीपलीकडून रजियाआपा:
"नहाने दो भाई माशांना,
आम्ही आहोतच टँकरच्या लायनीत."
काय बोलणार.
नळीचं तोंड तसंच भिंतीवरून
तिच्या अंगणात टाकलं.
आता शुक्रवारी तिचे डबे, घमेली,
एक कान तुटलेलं पातेलं
माझ्या आधी हजर असतात.
माशांची घाण तिच्या कढीपत्त्याला मानवली.
आमच्या पोह्यात हल्ली त्याच तळ्याचा वास येतो,
बायको म्हणते, तुझ्या हाताचा आहे.

मे महिन्यात तळं नव्या वॉर्डात हलवलं.
पाणी तेच, वाळू तीच, मासे तेच.
बर्फाच्या बाटल्या सोडल्या, पंखा लावला,
तरी क्रिप्ट म्हणतात ती झाडं
चार दिवसांत विरघळली,
साबणाचा तुकडा विरघळावा तशी.
डॉक्टर म्हणाले, उपटून टाक, वास मारेल.
मी सडकी पानं तेवढी कात्रीनं उचलली.
वाळूत बोट घालून मूळ दाबलं.
टणक होतं.
डॉक्टरांना सांगितलं, टाकलं.

वाढोण्याच्या नागरबाई.
डाव्या डोळ्याची पट्टी काढली,
बाकावर आणून बसवलं.
लेक समोर उभा, हात हलवतोय,
आणि बाई त्याच्या कमरेशेजारून काचेत बघतायत.
"ह्ये कुणाचं रान म्हणावं, बाबा?
वारं न्हाई, आन् हलालंय कसं?"
पंप आहे, आजी.
"हां," म्हणाल्या, पंप ठाऊक असल्यासारखं.
मी थेंबाची बाटली उघडली, मान वर करा म्हटलं,
पण मान वर होईना.
"आन् त्या धोंड्यापाशी ते लाल टाचणीवानी
काय उगवालंय?"

काही नाही तिथं, म्हणालो.
रोज दोनदा बघतो मी.
"हाय की."
गुडघ्यावर बसलो, चष्मा शर्टाला पुसला,
नाक काचेला लावलं.

होतं.
नखापेक्षा बारीक, गुंडाळलेलं,
अजून कुठल्या बाजूला उलगडायचं ठरलेलं नाही असं.

थेंब टाकायला चार मिनिटं उशीर झाला.
रजिस्टरात मी ठरलेली वेळच लिहिली.